अंजनेरीला पहिल्यांदा जाताय? आधी उतरायची वेळ ठरवा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर डाव्या हाताला सपाट माथ्याचा, भलामोठा पसरलेला डोंगर दिसतो. तो अंजनेरी. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर. नाशिक शहर सहाशेच्या आसपास आहे, म्हणजे शहराच्या पातळीपासून डोंगर सातशेएक मीटर उंच आहे. नाशिकमधल्या बहुतेकांचा पहिला ट्रेक हाच असतो. पायऱ्या आहेत, वाट मळलेली आहे, वर अंजनीमातेचं मंदिर आहे, त्यामुळे घरचेही हरकत घेत नाहीत.

घोळ इथेच होतो. ‘अंजनेरी काय, आजीसुद्धा चढते’ म्हणत लोक अकरा वाजता घरून निघतात, चौघांत मिळून एक पाण्याची बाटली घेतात आणि पायात चपला असतात. आजी चढते हे खरं. पण आजी पहाटे निघते, देवीला नमस्कार करते आणि ऊन चढायच्या आत खाली येते. या डोंगरावर चढायला येतं की नाही हा प्रश्न फारसा येत नाही. वर किती वाजेपर्यंत थांबलात यावर सगळं अवलंबून असतं. धुकं, वाढलेलं पाणी, विजा, अंधार, संध्याकाळी बाहेर पडणारी जनावरं, या सगळ्यांची गाठ उशिरा उतरणाऱ्याशी पडते.

आणखी एक गोष्ट आधी समजून घ्या. २०१७ पासून अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, साडेपाच चौरस किलोमीटरहून थोडं मोठं. ते राखलंय गिधाडांसाठी आणि पठारावरच्या दुर्मीळ वनस्पतींसाठी. आपल्याला जाऊ देतात, पण तिथले नियम वनखात्याचे चालतात, सहलीचे नाहीत.

दिवस कोणता निवडायचा

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सप्टेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ धरावा. सप्टेंबरअखेर पठार सोनकीनं पिवळं आणि तेरड्यानं गुलाबी झालेलं असतं, वाटा वाळायला लागलेल्या असतात आणि हवा स्वच्छ असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नाशिकची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको; कानटोपी घ्या, नऊनंतर ती पिशवीत जाईल.

पावसाळ्यात अंजनेरी सुंदर असतो आणि सगळे तेव्हाच येतात. जायचंच असेल तर सुट्टीचा दिवस सोडून जा, आणि आदल्या रात्री व निघायच्या आधी हवामान खात्याचा अंदाज बघा. बघताना ‘नाशिक’ आणि ‘नाशिक घाट’ हे दोन वेगळे अंदाज असतात हे विसरू नका. तुमचा डोंगर घाटातला आहे. नाशकात कॉलेज रोडला नुसती भुरभुर असताना त्र्यंबककडे धो-धो कोसळत असणं यात नवल काहीच नाही. घाटासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द, चर्चा नाही. यलो असेल आणि तुमच्यातल्या कुणीच आधी हा डोंगर पाहिलेला नसेल, तर तोही दिवस सोडा.

बेत रद्द झाला म्हणून दिवस वाया जात नाही. अंजनेरी गावात यादवकाळातल्या जैन आणि हिंदू मंदिरांचे अवशेष आहेत. त्यातल्या एका मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इसवी सन ११४१ च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्याच रस्त्यावर नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. डोंगराला आलेली बहुतेक मंडळी या दोन्हींच्या बाजूनं गाडी हाणत निघून जातात.

काही दिवस मात्र टाळायचेच. तिसरा श्रावणी सोमवार: त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो लोक येतात आणि त्र्यंबक रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते. पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा आणि हनुमान जयंतीही तशीच. हनुमान जयंतीला तर खुद्द डोंगरावरच गर्दी असते, कारण हनुमंताचा जन्म इथलाच अशी श्रद्धा आहे. (जन्मस्थान अंजनेरी की कर्नाटकातली किष्किंधा यावर मे २०२२ मध्ये नाशिकमध्ये सभा भरली होती. ती वादावादीतच आटोपली. तुम्ही वर जाऊन वाद घालू नका.) २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्यांना, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवसांना, तर या रस्त्याचं नावही काढू नका.

एप्रिल-मेमध्ये जायचं तर उजाडता उजाडता चढायला लागायचं आणि दहाच्या आत खाली. पठारावर सावली नावालाच आहे आणि तापलेला कातळ खालूनही भाजतो.

घड्याळ घरीच लावा

नवख्या, मध्यम चालीच्या माणसाला पायथ्यापासून पहिल्या पठारावरच्या मंदिरापर्यंत तासाभरापासून दीड तास लागतो. तिथून तळं, गुहा आणि वरचं मंदिर धरून आणखी तासभर. उतरायला दीड ते दोन तास. गुडघे कुरकुरणारं कुणी बरोबर असेल तर अडीच धरा.

यावरून माझं सांगणं असं: सातला पायथा सोडा. दहाला वरच्या मंदिरात. अकराला परतीची वाट. एकपर्यंत पायथ्याशी. उशीर झाला तरी साडेअकराला जिथे असाल तिथून पाठ फिरवा, वरचं मंदिर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी. ‘आलोच आहोत तर’ हे तीन शब्द डोंगरात महाग पडतात.

ही वेळ गाडीत बसायच्या आधी सगळ्यांना सांगा. वर गेल्यावर सांगितली तर कुणी ऐकत नाही. एकाला घड्याळवाला नेमा, आणि शक्यतो जो फोटो काढणार आहे त्याला नेमू नका. घरी राहिलेल्या कुणाला तरी चार गोष्टी सांगून निघा: कुठे जातोय, किती जण, गाडीचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची.

पिशवीत काय

पाणी माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. वर तळं आहे, पण त्यात जनावरंही पाणी पितात आणि माणसंही पाय धुतात. ओआरएसची दोन पाकिटं, किंवा लिंबू-मीठ-साखर घरूनच कालवून आणलेलं. दशमी-चटणी, गुळपोळी, शेंगदाण्याचे लाडू, असं हातात धरून खाता येईल आणि कागद उरणार नाहीत असं खाणं. चिप्सची पाकिटं नकोत. कारण पुढे माकडांच्या प्रकरणात येईल.

बुटाचा तळ खडबडीत हवा. ट्रेकिंगचे महागडे बूट घेऊन सुरुवात करायची गरज नाही, पण गुळगुळीत तळाचे फॅशनचे बूट आणि सँडल घरी ठेवा. ओल्या, शेवाळलेल्या काळ्या पाषाणावर पाय सरकतो तो सरकतोच. जीन्स भिजली की पायाला चिकटते आणि वाळत नाही, त्यामुळे पातळ पण पूर्ण लांबीची पँट घाला. पावसाळा संपता संपता वाटेकडेला खाजकुयलीच्या शेंगा धरतात. त्यांची कुसळं उघड्या पोटरीला लागली की ट्रेक तिथेच संपतो.

छत्री नको, पठारावरचा वारा ती उलटी करतो आणि एक हात अडकून पडतो. पोंचो किंवा रेनकोट घ्या. टॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही हवीच. शिटी, क्रेप बँडेज, जखमेचं मलम, तुमची रोजची औषधं, फोन गुंडाळायला प्लॅस्टिकची पिशवी, शंभर-दोनशेचे सुटे. मधमाशीच्या चाव्यानं कुणाला पूर्वी अंगभर गांधी उठल्या असतील तर डॉक्टरांना विचारून औषध बरोबर घ्या, आणि सोबत्यांना ते आधी सांगून ठेवा.

सगळं एका पाठीवरच्या सॅकमध्ये बसलं पाहिजे. दोन्ही हात मोकळे.

पोहोचणं

नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) भागातून त्र्यंबकच्या एसटी दिवसभर असतात, सिटीलिंकच्या म्हणजे शहर बससेवेच्या बसही जातात. ‘अंजनेरी फाटा’ म्हणून सांगा. काळी-पिवळी जीप मिळते, पण ती भरेपर्यंत हलत नाही, त्यामुळे सकाळच्या घाईत तिच्यावर विसंबू नका. फाट्यावरून गावातून पायथ्यापर्यंत अडीच-तीन किलोमीटरचा चढता रस्ता आहे. गाडी असेल तर पायथ्याजवळ लावता येते; बसनं येणाऱ्यांनी हे अंतर वेळेत धरावं, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं तिथेच जातात.

पायथ्याशी वनखात्याचा नाका आहे. माणशी शुल्क भरा, पावती घ्या, नाव लिहायला सांगितलं तर नीट लिहा. कुणी अडकलं की शोध तिथूनच सुरू होतो, आणि वहीत ‘राहुल व मित्र’ एवढंच असेल तर शोधणाऱ्यांनी काय करायचं? नाक्यावरच्या माणसाला दोन प्रश्न विचारा: वरची वाट आज कशी आहे, आणि खाली कधीपर्यंत यायचं. गावातली माणसं ‘आज नका जाऊ’ म्हणाली तर तो सल्ला समजा, अडवणूक नाही. पहिलीच वेळ आणि सगळेच नवखे असाल तर गावातला वाटाड्या घ्या. वाट चुकण्याचं भय फार नाही, पण आभाळ बघून ‘आता निघू’ म्हणणारं कुणीतरी बरोबर असतं.

सुट्टीच्या दिवशी पायथ्याशी टपऱ्या लागतात. चहा उतरल्यावर प्या.

पायऱ्या आणि घळ

सुरुवातीची वाट झाडीतून जाते आणि मग डोंगराच्या एका घळीत शिरते. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधून पायऱ्या. चढताना कातळात कोरलेली जैन लेणी लागतात. छोटी आहेत, दम खायला तेवढंच निमित्त.

या घळीचा स्वभाव समजून घ्या. पठारावर पडलेला पाऊस उताराच्या दिशेनं जातो आणि त्यातला बराचसा या चिंचोळ्या जागेतून खाली येतो. म्हणजे ती माणसांची वाट आहे तशी पाण्याचीही आहे. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात पायऱ्यांवरून पाण्याचे लोट आले आणि शंभराहून जास्त पर्यटक वर अडकले. वनखात्याच्या लोकांना त्यांना उतरवावं लागलं. पुढच्याच महिन्यात त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर पाणी अचानक वाढून लोक पलीकडे अडकले. चढताना पायऱ्यांवरून घोट्याएवढं पाणी वाहत असेल तर मौज वाटते. वर असताना तासभर जोराचा पाऊस झाला की तीच जागा ओलांडता येत नाही.

पाणी वाढायच्या आधी खुणा दिसतात, फक्त कुणी बघत नाही. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होतं. काटक्या, पालापाचोळा वाहून यायला लागतो. आवाज बदलतो, वरून घरघर ऐकू येते. यातलं एक जरी दिसलं तरी घळीतून लगेच बाजूच्या उंच जागी व्हा, किंवा वर असाल तर वरच थांबा. गुडघ्यापर्यंत वाहतं पाणी माणसाला सहज पाडतं. हाताला हात धरून साखळी केली तर एक पडताना बाकीच्यांनाही ओढतो. पाऊस थांबला की असं पाणी बहुतेकदा तासा-दोन तासांत ओसरतं. त्या दोन तासांसाठीच सकाळी लवकर यायचं असतं. दुपारी चारला वर अडकलेल्याजवळ थांबायला वेळ कुठे असतो?

चढताना छोटी पावलं टाका, बोलता येईल इतपतच वेग ठेवा. सर्वांत हळू चालणारा पुढे आणि जाणकार सर्वांत मागे. उलटं केलं की पुढचे निघून जातात आणि मागचा एकटा घाबरत चढतो. दगड सुटला तर ‘दगड!’ म्हणून मोठ्यानं ओरडा, घळीत तो खालच्यांवरच जातो.

पठार

पायऱ्या संपल्या की एकदम उघडं होतं. समोर अंजनीमातेचं मंदिर. पुढे पायाच्या आकाराचं तळं. हनुमंतानं सूर्याकडे झेप घेताना पाऊल रोवलं त्याची ही खूण, असं सांगतात. जवळच सीतागुहा आहे, आत कोरलेल्या मूर्ती आहेत; टॉर्च इथे उपयोगी पडेल. तिथून दुसरा चढ चढून वरच्या माथ्यावर दुसरं मंदिर.

पठारावर धोका दोनच प्रकारचा: कडा आणि आभाळ. धुकं आलं की दहा पावलांवरचं दिसत नाही आणि कडा कुठे संपतो तेही कळत नाही. अशा वेळी मळलेली वाट सोडायची नाही. वाट दिसेनाशी झाली तर सगळ्यांनी एकत्र येऊन बसायचं. धुकं बहुतेक वेळा सरकत राहतं, पंधरा-वीस मिनिटांत खिडकी मिळते. चढतानाच अधूनमधून मागे वळून वाट कशी दिसते ते बघून ठेवा, परत येताना ओळख पटते. फोनवर ऑफलाइन नकाशा असू द्या. कड्यापासून निदान आपल्या उंचीएवढं अंतर ठेवा, म्हणजे आडवे पडलात तरी डोकं आतच राहील. सेल्फी काढायचा तर बसून काढा. पावसाळ्यात कड्यावरचं गवत माती झाकतं, आणि ती माती खालून पोकळ असू शकते.

मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा पडतात. पठारावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. गडगडाट कानावर आला की खाली निघायचं, वीज दिसायची वाट बघायची नाही. एकट्या झाडाखाली थांबू नका. उतरता येतच नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा, काठी लांब ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. घरूनच उतरवून घ्या, वर रेंजचा भरवसा नाही.

आता थोडं खाली बघा. या पठारावर २००६ मध्ये कंदीलपुष्पाची एक नवी जात जगाला कळली आणि तिला नावच ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ असं दिलं गेलं. गवतात वीतभर उभं रोप, आणि त्याला खाली फुगीर, वर निमुळती नळी असलेलं फूल. नळीच्या आत बारीक केस खाली तोंड करून असतात. वासानं आलेली चिमुकली माशी आत शिरते, पण केसांमुळे बाहेर पडता येत नाही. पुढे केस मलूल झाले की माशी परागकण अंगावर घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. ही झाडं पावसाळ्यात फुलतात, आणि नेमकी तेव्हाच पठारावर हजारो बूट पडतात. वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत तुडवायचं नाही एवढं पुरे. फूल खुडू नका, कंद उकरू नका. सापडलंच तर फोटो काढा आणि नेमकी जागा कुठे टाकू नका.

इथले रहिवासी

माकडांपासून सुरू करू, कारण तीच भेटणार. नाक्यापासून मंदिरापर्यंत ती तुमची वाट बघत असतात, आणि त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज वीस पावलांवरून कळतो. हातातली पिशवी ओढतात, बाटलीचं झाकण काढतात, सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून बिस्किटं काढून घेतात. चेन उघडी राहिली असेल तर तुम्हाला कळतही नाही. म्हणून खाणं सॅकच्या आत, सॅक पाठीवर, कप्पे बंद. त्यांनी काही ओढलं तर सोडून द्या. ओढाताणीत चावा बसतो. डोळ्यांत रोखून बघू नका, दात दाखवून हसू नका, पिल्लाजवळ जाऊ नका. हातात काठी असली तरी पुरते, मारायची गरज नसते. देवाचं रूप म्हणून केळी, फुटाणे देऊ नका. आज तुम्ही दिलेल्या केळ्याचा हिशेब उद्या एखाद्या लहान पोराला चुकवावा लागतो. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद भरून घरी बसू नका.

मधमाश्यांना मी बिबट्यापेक्षा जास्त भितो. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळं लागतात. धूर, उग्र वासाचं अत्तर, दगड मारणं, किंचाळणं यांनी ती उठतात. त्यामुळे डोंगरावर विडी-सिगारेट नको, चूल नको, डिओ मारून यायचं नाही. उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. तोंड-मान कापडानं झाका आणि मोहोळापासून लांब, वाटेनं, जमेल तितक्या भरभर निघा. पायऱ्यांवर मात्र धावू नका, माश्यांपेक्षा पडून जास्त लागतं. तळ्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घोंघावत थांबतात. लांब आल्यावर काटे नखानं खरवडून काढा. पुष्कळ डंख असतील, किंवा श्वास लागत असेल, ओठ सुजले असतील, तर तो दवाखान्याचा प्रश्न आहे, तोही लगेच.

साप असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या भागातले. पण तुम्हाला साप दिसण्याआधी तुमच्या पावलांची कंपनं त्याला कळतात आणि तो वाट सोडतो. अपघात होतो तो न बघता कपारीत हात घातल्यानं, दगडावर धपकन बसल्यानं किंवा झुडपात शिरल्यानं. आधी बघा, मग हात ठेवा. दंश झालाच तर: माणसाला बसवा, धीर द्या, अंगठी-कडं-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडानं ओढू नका. चालवत नेऊ नका, शक्यतो उचलून खाली आणा. तोवर १०८ ला फोन झालेला असावा. त्र्यंबकचं सरकारी रुग्णालय जवळ, नाशिकचं जिल्हा रुग्णालय पुढे. सापाच्या विषावरचं औषध तिथेच, मांत्रिकाकडे नाही. साप मारून बरोबर नेण्याची काहीच गरज नाही.

बिबट्या. नाशिककरांना तो नवा नाही. निफाड-सिन्नरच्या उसात तर तो जन्मतो. अंजनेरीच्या जंगलात त्याचा वावर आहे, पण दिवसा, माणसांच्या वर्दळीत तो समोर येत नाही. त्याची वेळ तिन्हीसांजेनंतरची. एकपर्यंत खाली यायचं ठरलं असेल तर हा परिच्छेद कामालाच येणार नाही. तरी सांगून ठेवतो: दिसला तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, वाकायचं-बसायचं नाही. पोरांना उचलून घ्या, सगळे एकत्र उभे राहा, हात वर करून मोठे दिसा, मोठ्यानं बोला आणि हळूहळू मागे सरका. त्याला निसटायला वाट मोकळी ठेवा. व्हिडिओसाठी थांबू नका. लघवीला जाणारा माणूस वाटेपासून फार आत नको, आणि एकटा नको.

आणि वर बघायला विसरू नका. कड्याच्या पातळीवर रुंद पंख पसरून, न फडफडवता घिरट्या घालणारा मोठा पक्षी दिसला तर तो लांब चोचीचं गिधाड असू शकतो. ही गिधाडं इथल्या कड्यांच्या कपारीत घरटी करतात आणि वर्षाला एकच अंडं घालतात. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि देशभरातली गिधाडं संपत आली. २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद झालं. हिवाळ्यात, म्हणजे तुम्हाला सुचवलेल्याच मोसमात, ती घरट्यावर बसलेली असतात. कड्यावरून आरोळ्या देणं, स्पीकर लावणं, खाली दगड भिरकावणं, ड्रोन उडवणं यानं पक्षी उठतो आणि अंडं उघडं पडतं. दुर्बीण न्या, बसून बघा. अर्धा तास गप्प बसलात तर डोळ्यांच्या रेषेत एखादं गिधाड सरकताना दिसू शकतं.

अडकलात तर

पाय मुरगळला, कुणी मागे राहिलं, पाणी वाढलं, काहीही झालं तरी आधी सगळे एका जागी या. मदत आणायला एकट्याला पाठवू नका, दोघांना पाठवा. फोन ११२ ला, रुग्णवाहिकेसाठी १०८, वनखात्याची मदतवाहिनी १९२६. रेंज लागत नसेल तर नाशिक किंवा त्र्यंबक दिसेल अशा उघड्या बाजूला जाऊन बघा, पण कड्यापासून लांब. फोनवर घाईघाईत ‘आम्ही अंजनेरीवर आहोत’ एवढंच सांगू नका. पहिलं पठार की वरचं, तळ्याजवळ की घळीत, किती जण, कुणाला काय झालंय, फोनची बॅटरी किती, हे सांगा. मग त्याच फोनवर फोटो-रील बंद. शिटी तीन वेळा लांब, मिनिटभर थांबून पुन्हा तीन वेळा. अंधारात टॉर्चचंही तसंच.

अंधार झालाच आणि वाट नक्की माहीत नसेल तर उतरायचा हट्ट नको. मंदिराच्या आडोशाला सगळे एकत्र बसा, ओले कपडे बदला, घरी कळवा. रात्र गारठ्याची जाईल, पण अंधारात ओल्या पायऱ्या उतरण्यापेक्षा ती बरी.

उतरताना

चढताना थकवा येतो, पडतात ते उतरताना. पाय थरथरत असतात, डोकं चहाच्या टपरीवर पोचलेलं असतं. पायरीवर पूर्ण तळवा टेकवा, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, ओल्या पायरीवर कडेला न जाता मधोमध. चढणाऱ्यांना आतल्या, कातळाच्या बाजूनं वाट द्या. आणलेला प्रत्येक कागद खाली न्या, संत्र्याची सालंसुद्धा, कारण माकडं तीच खायला वाटेवर बसतात. पायथ्याशी आल्यावर माणसं मोजा. नाक्यावर खाली आल्याचं सांगा, घरी फोन करा, मग चहा.

अंजनेरी एकदा हिवाळ्यात आणि एकदा पाऊस सरताना झाला की ब्रह्मगिरी आणि रामशेज किल्ला सहज होतील. हरिहर किल्ल्याची घाई करू नका. तिथल्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, खोबणीत बोटं रोवून चढावं लागतं, आणि चढणारे-उतरणारे एकाच ओळीत समोरासमोर येतात. रविवार सोडून, कोरड्या दिवसांत, आधी तिथे गेलेल्या माणसाबरोबरच जा.